सवतीचा कौल

माझ्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली एक चांदीचा टाक आहे, अंगठ्याच्या पेराएवढा. त्यावर एका बाईची आकृती ठोकलेली आहे. दोन डोळे, नाकाच्या जागी एक टोचा, पदराची एक रेघ. सोनाराने केली तेव्हाही ती कुणासारखी दिसत नव्हती, आणि आता माझ्या घामाने झिजून जे होतं तेही राहिलेलं नाही. ही माझी सवत, कौशल्या. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी ती वारली. आमच्यात रीत अशी आहे की बिजवराशी लग्न करणाऱ्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, आणि घरात जे काही नवीन येईल ते आधी टाकाला दाखवायचं, मग आपण वापरायचं. लुगडं असो, भांडं असो, नाहीतर त्या वर्षीचा पहिला आंबा असो.

कुठल्याशा फौजेमागून आमचे लोक तीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आले म्हणतात. घोडी गेली, तलवारी गेल्या, हातात सुया आल्या, पण रिती काही सुटल्या नाहीत. टाक चालेल का ग तुला, असं मला लग्नात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. आईबाप नव्हते, मामाकडे राहत होते, आणि मी किती भात वाढून घेतला ते मामी शेजारणींना सांगत असे. त्यापुढे मेलेल्या बाईचा एक टाक मला काय जड होणार होता.

जड असतो. ते मला लग्नाच्या दिवशीच कळलं. यजमानांनी टाकाचा दोरा माझ्या मानेमागे बांधला, समोर आले, आणि माझ्या तोंडाकडे न बघता छातीवरच्या टाकाकडे बघून म्हणाले, "कौशल्ये, तू वाईट दिवस बघितलेस. आता चांगले दिवस दाखवतो तुला." नव्या नवरीला नवऱ्याचं पहिलं बोलणं हे असं मिळालं. मला राग आला होता आणि रडूही आलं होतं, पण दोन्ही गिळून मी वडीलधाऱ्यांच्या पाया पडले.

यजमानांचं नाव येसाजी. शिवणकाम हा धंदा. तेव्हा आम्ही कॉटनपेटेत एका खोलीत राहत होतो. एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात भाड्याने आणलेलं शिवणयंत्र, आणि उरलेल्या जागेत आम्ही दोघं आणि कापडाचे गठ्ठे. भिंतीपलीकडे गंगव्वा राहायची. ती बेळगावकडची, नवरा गिरणीत कामाला. कौशल्येबद्दल मला जे काही कळलं ते तिच्याकडून. ह्यांनी कधी एक अक्षर सांगितलं नाही.

"लई शांत होती बग ती, रत्नाक्का," गंगव्वा सांगायची. "दिवसभर घरचं काम, आन रातभर काज करत बसायची. पोलिसांच्या खाकी कपड्यांचा लॉट होता. तिला ताप चढला. येसाजीअण्णा म्हणाला, एवढा लॉट जाऊ दे, पोचवून येतो, मग डाक्टरकडं जाऊ. ती सरी, जावा म्हणाली. लॉट पोचवून अण्णा परत आला तर काय उरलंच नव्हतं की. सुई बोटांत तशीच होती."

ही गोष्ट मी गंगव्वाकडून कितीदा ऐकली असेल कोण जाणे. सांगताना ती दर वेळी रडायची आणि मी दर वेळी टाक पदराखाली सरकवायची. ऐकायला बसल्यासारखा तो वर यायचा.

आता कौलाचं सांगते, कारण आमचं सगळं आयुष्य त्या कौलावर उभं राहिलं.

पितृपक्षात अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा तो दिवस. त्या दिवशी एका सवाशिणीला जेवायला बोलावून लुगडं देतात. आमच्याकडे ती सवाशीण म्हणजे गंगव्वा. तिचं जेवण झालं की हे माझ्या गळ्यातला टाक काढून घ्यायचे, देवापुढे तांदळाच्या राशीत उभा करायचे, शेवंतीची एक पाकळी पाण्यात भिजवून त्याच्या कपाळावर चिकटवायचे, आणि समोर हात जोडून बसायचे. "कौशल्ये, बरं आहे ना आता? सुधारले ना आपले दिवस?" पाकळी वाळत आली की सुटते. उजवीकडे पडली तर हो, डावीकडे पडली तर नाही. ह्यांचे वडील कुलस्वामिनीला असाच कौल लावायचे, तो ह्यांनी लहानपणी पाहिलेला होता. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं, त्यामुळे हे सांगतील ते खरं.

पहिल्या नवमीला ह्यांनी नुकतंच स्वतःच्या मालकीचं शिवणयंत्र घेतलं होतं. जुनंच, पण आपलं. मोठ्या आशेने बसले होते. पाकळी सुटली आणि डावीकडे पडली. ह्यांचा चेहरा उतरला. मला तर वाटत होतं, आमचं किती छान चाललंय. दोन वेळा जेवण होतं, रात्री हे हळू आवाजात कानडी भजन म्हणायचे, खोलीत उन्हाचा एक पट्टा यायचा आणि त्यात मी केस वाळवायची. पण ते मला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत यंत्राची घरघर सुरू झाली.

मग तेच दरवर्षी. ह्यांनी काहीतरी वाढवायचं, नवमीला विचारायचं, आणि पाकळी डावीकडे. मग ह्यांनी आणखी काहीतरी वाढवायचं. दुसरं यंत्र आलं. म्हैसूर राज्य मोठं झालं त्या वर्षी बाजाराजवळ दुकान आलं. दोन कारागीर आले. शहराच्या बाहेर नवे नवे सरकारी कारखाने उघडत होते, त्यांच्या कामगारांचे गणवेश आमच्याकडे शिवायला येऊ लागले. चीनच्या लढाईच्या वर्षी तर इतकं काम आलं की हे दुकानातच झोपायचे. आणि मग चामराजपेटेत स्वतःचं घर आलं. तांबडी गुळगुळीत फरशी, घरात नळ, वीज, पुढे बसायला पडवी. जातीतल्या बायका म्हणायच्या, रत्नाबाईचा पायगुण. मी हसायची. पाय माझे असतील, पण ह्यांना पळवत होता तो तिचा नकार, आणि ते त्या बायकांना सांगून कळलं नसतं.

नवीन काही आलं की मी टाक हातात धरून त्याला दाखवायची. विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा हे मला दिव्याखाली नेऊन उभं करून म्हणाले, "वर धर." मी टाक वर धरला, हे त्याच्याकडे बघत राहिले, आणि मी मान खाली घालून माझ्या पायांवर पडलेला उजेड पाहिला. रेडिओ आला तेव्हा पहिलं गाणं तिने ऐकलं. नळाचं पहिलं पाणी तिच्यावर पडलं. ह्यांनी मला आणलेलं एकही लुगडं मी कोरं नेसले नाही. ते आधी तिच्या अंगावरून आलेलं असायचं, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याला तिचा वास यायचा. कसला वास ते सांगता येणार नाही. तापातल्या माणसाच्या कपाळाचा असतो तसा.

चामराजपेटेच्या घरात खोल्या पुष्कळ आणि माणसं दोन. मूलबाळ झालं नाही. त्यावरही बायका बोलल्या, सवत बसू देत नाही म्हणाल्या. मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दुपारी घरात एकटी असले की मधल्या खोलीतून एक आवाज यायचा. जाड कापडातून दोरा ओढल्याचा. ओढला, थांबला, पुन्हा ओढला. काज करताना येतो तो. मी उठून बघायची तर कुणी नसायचं, आणि टाक भर उन्हाळ्यात बर्फासारखा गार लागायचा. घाबरायची मी, पण मला भीती वाटली की राग येतो. मी टाक तोंडासमोर धरून तिला झापायची. "काय कमी आहे ग तुला? घर झालं, दार झालं. आणखी काय पाहिजे ते एकदा सांग, मी आणून ठेवते. पण त्या माणसाला जरा बसू दे."

एवढंच मला पाहिजे होतं. त्यांनी बसावं. माझ्याजवळ नाही तर नाही, पण कुठेतरी बसावं. कॉटनपेटेतलं भजन बंद पडून वर्षं झाली होती. घरी यायचे, जेवायचे, टाकाला दोन शब्द बोलायचे आणि पुन्हा कात्री.

मग ह्यांचे डोळे बिघडले. सुईत दोरा मला ओवायला सांगायचे. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणायचे. दारातून जाताना चौकट खांद्याला लागायची. एका कोटाची बाही उलटी जोडून दिली तेव्हा मी त्यांना ओढून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलेला आहे. उजवा वाचवायचा असेल तर लगेच शस्त्रक्रिया करा, आणि बारीक काम आजपासून बंद.

घरी येताना हे म्हणाले, "बघू. एवढा लॉट जाऊ दे."

मी रस्त्यातच थांबले. "हे वाक्य आपल्या घरात एकदा बोलून झालंय," मी म्हटलं.

ह्यांना ते लागलं. घरी आल्यावर पडवीत उभे राहून माझ्या गळ्याकडे बघत म्हणाले, "नवमी आठवड्यावर आलीय. ती हो म्हणाली तर त्याच दिवशी कात्री खाली ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जातो. शपथ तिची."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर अजून काहीतरी राहिलंय. वर माडी बांधायची मनात आहे. तेवढं करून मग बघू डोळ्यांचं."

म्हणजे ह्यांचा उरलेला डोळा शेवंतीच्या पाकळीवर लटकला. इतकी वर्षं जी नाही म्हणत आली होती ती आता हो म्हणणार होती थोडीच. तो आठवडा मी तिच्या पाया पडण्यात घालवला. ज्या बाईचा मी इतका राग केला तिला मी कुंकू लावलं, फुलं वाहिली, खीर दाखवली. म्हटलं, माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी एकदा हो म्हण.

त्याच आठवड्यात संडूरहून ठकुबाई आल्या. ह्यांच्या सख्ख्या आत्या. म्हातारपण, प्रवास झेपत नाही, म्हणून कधी आल्या नव्हत्या. आता भाच्याचं घर बघायला म्हणून आल्या आणि नवमीपर्यंत राहिल्या. बाई कडक. आल्या आल्या माझ्या तुळशीची दिशा बदलली. पण ह्यांच्यावर माया होती. ह्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "बापासारखा दिसतोस. तो गेला तेव्हा तू एवढासा होतास."

नवमीला गंगव्वा आली, जेवली, लुगडं घेतलं. ह्यांनी टाक तांदळात उभा केला. पाकळी लावली. हात जोडले. "कौशल्ये," एवढंच म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "सुधारले ना ग आपले दिवस?" मी मागे भिंतीला टेकून उभी होते. ठकुबाई बाजूला पाटावर बसल्या होत्या. पाकळी वाळेपर्यंत कुणी हललं नाही. मधल्या खोलीत दोरा ओढल्याचा आवाज येतोय असं मला वाटलं, आणि तो थांबला, आणि पाकळी सुटून ह्यांच्या उजव्या हाताला पडली.

हे रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. गंगव्वाही रडली, म्हणाली, "अण्णा, सुटलास बग तू." ह्यांनी उठून मोठी कात्री आणली, कापडात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. मी स्वयंपाकघरात पळाले. मला हसायचं होतं का रडायचं होतं ते माझं मलाच कळत नव्हतं. तशीच मी पानं मांडायला घेतली.

ठकुबाई माझ्या मागून आत आल्या आणि दार लोटून घेतलं. "तो एवढा आनंद कसला करतोय?" त्या म्हणाल्या. "ती नाही म्हणाली की."

मला वाटलं म्हातारीला नीट दिसलं नाही. "आत्याबाई, उजवीकडे पडली ना पाकळी."

"कुणाच्या उजवीकडं? त्याच्या. कौलात आपलं उजवं बघत नसतात ग. देवाचं बघतात. टाकाचं तोंड आपल्याकडं असतं, त्याचा उजवा हात आपल्या डाव्या अंगाला येतो. माझा भाऊ तसंच बघायचा, माझा बाप तसंच बघायचा. ह्याला कुणी सांगितलंच नसंल. बाप लवकर गेला, ह्यानं नुसतं लांबून पाहिलेलं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "कधीपासनं असा बघतोय हा?"

"पहिल्यापासून."

"आन दरवर्षी कुठं पडायची?"

"डावीकडे," मी म्हटलं.

ठकुबाई हळूच पाटावर बसल्या. "म्हंजे दरवर्षी हो म्हणत होती पोरगी," त्या म्हणाल्या.

मी हातातलं केळीचं पान खाली ठेवलं. मला ती कॉटनपेटेतली खोली आठवली आणि उन्हाचा पट्टा आठवला. तेव्हाच हो म्हणाली होती. त्या खोलीत, त्या जुन्या यंत्रावर तिचं समाधान झालं होतं. आम्ही दोघं तिथे राहिलो असतो. रात्री भजन म्हटलं असतं. ह्यांनी कधी माझ्या तोंडाकडेही पाहिलं असतं. दुकान, गणवेश, हे तांबड्या फरशीचं घर, हे सगळं एका चुकीच्या बाजूने बघितलेल्या पाकळीतून आलं होतं, आणि त्यापायी माझं तरुणपण गेलं आणि ह्यांचा एक डोळा गेला. मला इतका संताप आला की भांडी फेकावीशी वाटली. आणि ज्या बाईला मी दर दुपारी झापत होते तिने काहीच केलेलं नव्हतं.

"त्याला सांगायला पाहिजे," ठकुबाई उठत म्हणाल्या. "पितरांचं काम आहे. ह्या साली नाही म्हणाली म्हंजे तिला कायतरी खुपतंय."

मी त्यांचा हात धरला. घट्ट धरला, त्यांच्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या. "आत्याबाई, तुम्ही सांगितलंत तर ते माळ्यावरची कात्री काढतील. दवाखान्यात जाणार नाहीत. दुसरा डोळाही जाईल."

"आन ती नाही म्हणाली त्याचं काय?"

उत्तर बोलता बोलताच तोंडात आलं. "इतकी वर्षं हो म्हणून पाहिलं तिने," मी म्हटलं. "ह्यांनी ऐकलं नाही. उलट जास्तच कष्ट केले. तिने ह्यांच्याबरोबर संसार केलाय, आत्याबाई. ह्यांना स्वतःच्या बाजूनेच दिसतं हे तिला ठाऊक असेल. मग ह्यांनी थांबावं म्हणून तिने काय केलं असेल? मी असते तर मी नाहीच म्हटलं असतं, ते ह्यांना हो दिसलं असतं."

ठकुबाईंनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग हात सोडवून घेत म्हणाल्या, "सरी. मी काय पाहिलं नाही." आणि वाढायला लागल्या. दोन दिवसांनी त्या संडूरला गेल्या. पुढे वर्षभरात वारल्या.

मी ठकुबाईंना जे सांगितलं ते मला त्या घटकेला खरं वाटलं होतं. पण रिकाम्या घरात दुपारी बसलं की दुसरं मनात यायचं. तिने सरळच नाही म्हटलं असेल तर? बाकीची सगळी वर्षं हो, आणि याच वर्षी नाही, कारण पुढचं तिला दिसत असेल. मी स्वतः पाकळी लावून विचारू शकत होते. शेवंती अंगणातच होती. पण हात पुढे झाला नाही. आणि मधल्या खोलीतला आवाज नवमीपासून बंद झाला होता. आधी त्याची भीती वाटायची, आता तो नाही याची वाटू लागली.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. दिवाळीपर्यंत ह्यांना माणसं नळीतून पाहिल्यासारखी दिसायची, संक्रांतीला नुसत्या सावल्या उरल्या, आणि उन्हाळ्यात त्याही गेल्या. दुकान एका कारागिराने चालवायला घेतलं. महिन्याचं घर सुखाने चालेल एवढं तो आणून देतो. काही कमी नाही. येणारा जाणारा म्हणतो, येसाजीअण्णा, नशीब काढलंत, एका खोलीतून कुठल्या कुठे आलात. हे पडवीत बसून मान हलवतात. शेवटी बसले एकदाचे, आणि मी त्यांच्या शेजारी बसते. पण ते भजन काही म्हणत नाहीत.

परवा दुपारची गोष्ट. मी ह्यांच्यासमोर बसून शेंगा सोलत होते. रस्त्यावर कुणी नव्हतं. हे पडवीत नेहमीच्या जागी होते. मग हात पुढे केला, चाचपडत माझ्या गळ्यापाशी आणला, आणि टाक दोन बोटांत धरला. आंधळे झाल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच धरला.

"कौशल्ये," हे म्हणाले, "सुधारले ना ग आपले दिवस?"

तांदूळ नव्हते, पाकळी नव्हती, आणि असती तरी ह्यांना दिसली नसती. उत्तर द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी शेंग खाली ठेवली.

"सुधारले," मी म्हटलं.

हे दचकले नाहीत. मी बोलतच गेले. "पहिल्याच वर्षी सुधारले होते. कॉटनपेटेतल्या खोलीतच. मी दरवर्षी हो म्हणत होते. तुम्ही तुमच्या बाजूने बघत होता. टाकाचं उजवं ते तुमचं डावं."

माझ्या आवाजाला नेहमीची धार नव्हती. तो खालचा होता, शांत होता, आणि तो माझाच होता असं मी कुणाला छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. ह्यांनी टाक घट्ट धरला.

"पहिल्याच वर्षी?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. दर नवमीला."

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या डोळ्यांतून पाणी तेवढं अजून येतं. ते पुसलं नाही त्यांनी, तसेच बसून राहिले. मग टाकाच्या आणखी जवळ वाकले आणि कुणी ऐकू नये अशा बेताने विचारलं, "आणि रत्नीचं ग? तिला बरं आहे का?"

लग्न झाल्यापासून मी या एका वाक्याची वाट पाहत होते. ते माझ्यासमोर बोललं गेलं, आणि ते तिला विचारलेलं होतं.

"तिला तुम्हीच विचारा," मी म्हटलं.

हे मागे सरले. टाक सोडला. तोंड वर केलं आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे, दाराच्या दिशेने, हाक मारली. "रत्ने?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे केवढं बोलायचं होतं. मामीपुढे, शेजारणींपुढे, मेलेल्या बाईपुढेसुद्धा जिचं तोंड कधी थांबलं नाही ती मी, आणि घशातून आवाज फुटेना. मी जीव खाऊन ओठ हलवले. काही आलं नाही.

"रत्ने, आहेस का ग तिथं?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. हात उचलून त्यांना लावावा म्हटलं तर तोही उचलेना. ह्यांनी कान देऊन थोडा वेळ वाट पाहिली. मग पुन्हा चाचपडत टाक शोधला, बोटांत धरला आणि हलक्या आवाजात तिला म्हणाले, "आत गेली वाटतं."